खाली

मिरा रोडला राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीत मराठी घरं मोजकीच होती. बाबा आणि मी जिन्यात, दुकानात, रिक्षात बिनधास्त हिंदी बोलायचो. आई नाही. तिला हिंदी बऱ्यापैकी कळायची, पण तोंडातून निघायची मराठीच. मुंबईतल्या चाळीत तिचं कधी अडलं नव्हतं, आणि इथेही अडू द्यायचं नाही असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

आल्यानंतर दोनेक वर्षांनी बाबा बाजारात पडले आणि पायाला प्लास्टर बसलं. नेमकी तेव्हाच लिफ्ट बंद पडलेली आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. जुन्या सेक्रेटरींनी तळमजल्यावरचा सोसायटीचा रिकामा गाळा उघडून दिला. मागे वॉचमनचा जुना संडास होता, बाहेर पडायला पुढे रस्त्याकडचं एकच शटर. आम्ही तिथे खाट टाकली. आई दोन्ही वेळचं जेवण घेऊन जिना उतरायची. दुपारी ऊन आत यायचं म्हणून बाबा शटर अर्धं ओढून झोपत.

मग सोसायटीत नवे सेक्रेटरी आले. हिंदी बोलणारे, स्टेशनजवळ कापडाचं दुकान असलेले, स्वभावाने सज्जन. लिफ्टची नवी केबल येणार होती आणि ती ठेवायला त्यांना गाळा हवा होता. एव्हाना बाबांचं प्लास्टर निघालं असेल, त्यांना वर नेलं असेल, असं त्यांना वाटलं. तरी त्यांनी दुकानातून आमच्या घरी फोन केला.

"भाभीजी, गाला खाली है ना?"

आईला वाटलं, बाबांची चौकशी करतायत. खाली गाळ्यातच आहेत ना, असं विचारतायत.

"हो, हो. खालीच आहेत," ती म्हणाली.

सेक्रेटरींनी वॉचमनला फोन केला. तो त्या दिवशीचा बदली माणूस, त्याला बाबांचं काही माहीत नव्हतं. केबल आली, शटरखालून आत सरकवली गेली, आणि वॉचमन शटर ओढून कुलूप लावून चावी दुकानात द्यायला निघून गेला. खाट कोपऱ्यात, केबलवाल्यांना उजेडातून अंधारात काही दिसलं नसणार. बाबा गाढ झोपलेले.

मी कॉलेजातून आले तेव्हा शटर धडधडत होतं. कोणीतरी आतून काठीने बडवत होतं. रस्त्यावरून माणसं येत-जात होती. बाजूच्या गॅरेजच्या ठोकाठोकीत कुणाला काही वेगळं वाटलं नव्हतं.

"बाबा?"

"अगं, उघड! श्वास कोंडतोय माझा!"

मी शेजारच्या मेडिकलमधून सेक्रेटरींना फोन लावला. ते स्कूटरवरून धापा टाकत आले. त्यांनी कुलूप काढलं. शटर वर गेलं तेव्हा बाबा खाटेच्या कडेला बसलेले, बनियन घामाने चिकटलेलं, ओठ पांढरे. तोवर आईही जिना उतरून आली होती. तिने पदराने त्यांचं तोंड पुसलं.

"मैंने पूछा था," सेक्रेटरी रडवेल्या आवाजात म्हणाले. "भाभीजी ने खुद बोला, खाली है."

"खालीच होते की!" आई म्हणाली.

जमलेल्यांतलं कोणीतरी फिसकन हसलं. दुसरं कोणी म्हणालं, "आंटी, थोडा हिंदी सीख लो. आज कुछ हो जाता तो?"

घरी बाबाही म्हणाले, "सोडून दे. चूक कोणाचीच नाही." पण आईला ते 'हिंदी सीख लो' लागलं होतं. रविवारी गच्चीवर सोसायटीची मीटिंग होती. सहसा न जाणारी आई गेली, मी तिच्यामागे. लिफ्टचा विषय संपल्यावर ती उभी राहिली.

"खाली म्हणजे वर नाही ते," ती म्हणाली. "तुमच्याकडे रिकाम्याला खाली म्हणतात, ते मला आता कळलं. तुमचा शब्द खरा. पण माझाही खोटा नाही. मी बरोबर उत्तर दिलं होतं."

"लेकिन आंटी..."

"थांबा. तुम्ही मराठी बोला असं मी म्हणत नाही. तुम्ही हिंदीत विचारा, मी समजून घेईन. मी मराठीत सांगेन, ते तुम्ही समजून घ्या. दरवेळी मीच का बदलायचं? आणि कुलूप लावायच्या आधी आत डोकावून बघायला कुठली भाषा लागते हो?"

सेक्रेटरी उठले आणि हात जोडून म्हणाले, "ये बात सही है. देखना चाहिए था."

त्या रात्री मी डिक्शनरी काढली. हिंदीतला 'खाली' अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला, आमचा इथलाच, जुना. एकमेकांशी काही नातं नाही, फक्त चेहरा सारखा. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? मला माहीत नव्हतं तेव्हाही माझा शब्द माझाच होता."

लिफ्ट सुरू झाली, बाबा घरी आले. सेक्रेटरी पुढे आमच्याकडे चहाला यायचे, "गाला रिकामा है" असलं काहीतरी मजेशीर बोलायचे. आई त्यांना हसायची नाही. तिने हिंदी मात्र शेवटपर्यंत धरली नाही, आणि मी, जी रिक्षात बसताच भाषा बदलायचे, ती त्या वर्षापासून निदान पहिलं वाक्य मराठीत बोलू लागले. समोरच्याला कळलं नाही तर पुन्हा सांगते. मराठीतच, जरा सावकाश.