सद्भावनेचा सूट

टाचणीमावशींना हसताना फार कमी जणांनी पाहिलं होतं, कारण दिवसभर त्यांच्या ओठांत टाचण्या असायच्या. सरकारी अतिथिगृहाच्या मागच्या अंगाला, इस्त्रीच्या वाफेने भिंतींना पोपडे आलेल्या खोलीत त्यांचं शिवणयंत्र होतं. पडदे, टेबलांवरची कापडं, वाढप्यांचे कोट, पाहुण्यांची तुटलेली बटणं, सगळं त्यांच्याकडे यायचं. कुणी काही विचारलं की त्या टाचण्यांकडे बोट दाखवून नुसती मान डोलवायच्या. ही सवय त्या देशात फार सोयीची होती. बोलणाऱ्यांची काय गत होते, ते त्यांना घरीच पाहायला मिळालं होतं.

त्या देशावर निर्बंध होते. म्हणजे काय, तर बाहेरच्या मोठमोठ्या देशांनी ठरवलं होतं की इथले राज्यकर्ते माणसं उचलून तुरुंगात टाकतात, सबब यांच्याशी व्यवहार करायचा नाही. पण हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. दवाखान्यात इंजेक्शनं मिळेनाशी झाली, मावशींच्या यंत्राच्या सुया मिळेनाशा झाल्या, अतिथिगृहातल्या खोल्या मात्र कधी रिकाम्या राहिल्या नाहीत. डोंगरात तांबं होतं ना! आधी पाहुणे मागच्या दाराने आले, 'खासगी भेटीला'. मग बाजूच्या दाराने. मग आपापल्या राजदूतांना बरोबर घेऊन राजरोस पुढच्या दाराने, लाल गालिच्यावरून. त्या गालिच्याची उसवलेली कडसुद्धा मावशींनीच शिवली होती.

राजदूतांची एक अडचण असायची. मायदेशी कुणी विचारलं की बाबांनो, तुम्ही या लोकांच्या पंक्तीला बसता तरी कसे, तर काहीतरी उत्तर लागतं. म्हणून जेवताना ते तोंडदेखलं विचारायचे, "कैद्यांचं काय?" की दुसऱ्या दिवशी चार-दोन कैदी कॅमेऱ्यांसमोर सोडले जायचे. या प्रकाराला सद्भावना म्हणत. आता तुरुंगातून माणूस यायचा तो खराट्याच्या काडीसारखा, तो तसाच दाखवून कसा चालेल? म्हणून त्यांचे सूट मावशी शिवायच्या. खांद्यांत कापूस, छातीला जाड कॅनव्हास, पाठीला दुहेरी अस्तर. त्यांच्या हाताखालून गेलेला उपाशी माणूस लग्नाला निघाल्यासारखा दिसायचा. शिष्टाचार खात्याचे साहेब खूश होऊन म्हणायचे, "मावशी, तुम्ही आहात म्हणून आपली अब्रू झाकली जाते हो!" मावशींना त्या कौतुकाची किळस यायची. साहेबांपेक्षा स्वतःच्या हातांची जास्त यायची. ती गिळून त्या पुढचा कापूस पिंजायला घ्यायच्या.

कारण त्यांचा एकुलता एक मुलगा आतच होता. खाणकामगारांच्या संपाच्या सभेत त्याने भाषणसुद्धा केलं नव्हतं. भाषण करणाऱ्याच्या तोंडासमोर कर्णा धरला होता, एवढाच काय तो गुन्हा. भाषण करणारा पळाला आणि कर्णा धरणारा सापडला. मावशींचा विचार सरळ होता. हात दगडाखाली आहे, तेव्हा मान खाली घालून शिवत राहायचं, साहेबांच्या नजरेसमोर राहायचं. कधीतरी सद्भावनेत आपल्या पोराचा नंबर लागेल.

आणि लागला. तांब्याच्या खाणीचा आजवरचा सर्वांत मोठा करार व्हायचा होता. साहेब स्वतः शिवणखोलीत येऊन म्हणाले, "मावशी, यावेळी तुमचा मुलगा. माप घ्या आणि कापड चांगलं वापरा."

मापाच्या खोलीत पोराला आणलं, तेव्हा दारात पहारेकरी उभा होता. शिवणाऱ्याने कैद्याशी बोलायचं नाही असा नियम होता. मावशींनी छातीभोवती टेप फिरवला. तो इतका उरला, की त्यांना वाटलं आपणच चुकून आकडा उलटा वाचतोय. पुन्हा घेतला. तेवढाच भरला. त्या बाहीचं माप घ्यायला जवळ गेल्या तसा पोरगा पुटपुटला, "आई, कापूस घालू नकोस. बघू देत त्यांना."

बघू देत म्हणे! अरे, डोळे असते तर आले असते का इथे? रात्रभर त्यांनी मनातल्या मनात पोराशी भांडण केलं, आणि सकाळी कापूस भरला. बिनकापसाचा कैदी बाहेर काढतच नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना पोरगा घरी हवा होता. शूर वगैरे नंतर होऊ दे. मात्र प्रत्येक शिवणीत त्यांनी दुप्पट माया सोडली. चार दिवस घरचं जेवला की अंग भरेल, मग उसवून सूट सैल करता येईल. काजंसुद्धा त्यांनी यंत्रावर केली नाहीत, हाताने केली. इतका देखणा सूट त्यांच्या हातून कधी झाला नव्हता.

कराराच्या आदल्या दिवशी दुपारी साहेब घाम पुसत आले. खाण कंपनीच्या मुख्य पाहुण्याची बॅग हरवली होती. थेट विमानं बंद, दोन-तीन देश फिरून यायचं, त्या फिरण्यात ती कुठेतरी राहिली. इतक्या वर्षांच्या निर्बंधांनी खरोखर काही अडवलं असेल, तर ती ही बॅग.

"तो तयार सूट काढा," साहेब म्हणाले. "उंची सारखीच आहे. कापूस काढून टाका, शिवणी मोकळ्या करा, बसेल."

मावशींनी टाचण्या तोंडातून काढल्या. "साहेब, तो उद्या लागणार आहे. माझ्या मुलाला."

"उद्याचं रद्द झालं."

"रद्द? का?"

"अहो, काल जेवताना राजदूतांनी विचारलंच नाही!" साहेब वैतागून म्हणाले. "कुणी मागितलं नसताना उगाच कशाला द्यायचं? असू देत हाताशी, पुढच्या वेळी उपयोगी पडतील."

पोराबद्दल ते असे बोलत होते, जणू फडताळात उरलेल्या साबणाच्या वड्या. पण मावशींच्या डोक्यात आलं, की आज संध्याकाळचं जेवण अजून व्हायचंय. राजदूत त्या पंक्तीला असणार, आणि हा पाहुणाही असणार.

पाहुणा सूट घालून आरशासमोर उभा राहिला. पोरासाठी सोडलेल्या मायेत त्याचं गुबगुबीत अंग नीट मावलं. वर्षानुवर्षं येऊन-जाऊन तो इथली भाषा अस्खलित बोलायचा. साहेबांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले, तशा मावशी एका दमात बोलून गेल्या. "हा सूट माझ्या मुलाचा आहे. तो तुरुंगात आहे. तुमच्या राजदूतांनी आज जेवताना नुसतं विचारलं, तर उद्या सुटेल. एवढं सांगाल का त्यांना?"

पाहुण्याने शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, मेल्याच्या! "मावशी, फार वाईट वाटलं ऐकून. मलाही मुलगा आहे. पण आज विषय काढला तर वातावरण बिघडेल. सही होऊ द्या. एकदा करार झाला की आमच्या शब्दाला इथे वजन येईल, मग अशी कितीतरी मुलं सुटतील."

त्याने डोळे टिपले, आरशाकडे वळला, हात लांब करून पाहिला आणि म्हणाला, "ही बाही जरा लांब वाटते का हो?"

मावशींना वाटलं, ओकारी येईल ती याच बाहीवर काढावी. पण पोरगा आत होता. त्यांनी बाही दुमडली आणि टाचणी लावली.

दुसऱ्या दिवशी सही झाली. टीव्हीवर सगळ्यांनी सगळ्यांची गळाभेट घेतली, राजदूत 'रचनात्मक संवादा'वर बोलले, पाहुण्याचा सूट उठून दिसला. तो सूट घालूनच पाहुणा मायदेशी गेला. त्याच्या शब्दाला वजन आलं की नाही कोण जाणे. पोरगा होता तिथेच राहिला.

पुढे एकदा साहेब हसत हसत शिवणखोलीत आले. "मावशी, नशीब काढलंत! पाहुण्यांचा निरोप आहे, सूट फार आवडला, त्याच मापाचे आणखी दोन हवेत."

मावशींनी यंत्राचं चाक हाताने थांबवलं. मग म्हणाल्या, "त्यांचं माप माझ्याकडे नाही, साहेब."

"असं कसं? तुम्हीच तर बसवून दिलात."

"नाही माझ्याकडे."

खोटं नव्हतं ते. त्या सुटाचं एकच माप मावशींना पाठ होतं, आणि तेही आता आणखी कमी झालं असणार.