साडेतीनशे हर्ट्झची नोंद

माझा रिसीव्हर म्हणजे पेन ड्राइव्हएवढी एक डबी. एका बाजूने ती लॅपटॉपला लागते, दुसऱ्या बाजूने नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून खाली आलेल्या तारेला. बाकीचं काम सॉफ्टवेअर करतं. पडद्यावर निळं पाणी संथ खाली सरकत असल्यासारखं दिसतं आणि कोणी हौशी रेडिओवाला बोलू लागला की त्यात एक पिवळी रेघ उमटते. ती कुठे उमटली यावरून तो नेमक्या कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहे ते वाचता येतं.

या डबीतला क्रिस्टल स्वस्तातला असतो. तो थोडा चुकतो, पण साधारण दरवेळी तेवढाच. म्हणून ती चूक एकदा मोजून सॉफ्टवेअरमधल्या एका चौकटीत तिचा आकडा भरून ठेवायचा. माझ्या डबीचा आकडा पन्नास. अपडेट केल्यावर कधी कधी ती चौकट शून्यावर जाते. त्यामुळे अपडेटनंतरचं पहिलं काम ठरलेलं: दहा मेगाहर्ट्झवरचा वेळेचा सिग्नल लावायचा, रेघ बरोबर दहावर आहे का पाहायची, आणि मगच दुसऱ्याच्या सेटबद्दल तोंड उघडायचं. आमच्या ग्रुपला हे मीच शिकवलं. तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी मी स्वतः ते केलं नाही.

मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं मीटर तपासत होतो. तपासलेल्या मीटरवर माझ्या सहीची चिठ्ठी लागली की त्याबद्दल कोणी शंका घेत नसे. निवृत्तीनंतर तोच मान मला रेडिओवर मिळाला. आमच्या रविवारच्या गप्पांच्या सुरुवातीला मी फ्रिक्वेन्सी रिपोर्ट वाचायचो, कोणाचा सेट किती वर, किती खाली.

माझा मित्र जवळच्याच सारसोळ्याच्या कोळीवाड्यातला. बोटींवरचे वायरलेस सेट दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. त्याचा स्वतःचा सेट हाताने बांधलेला होता. त्यातली मुख्य कॉइल तो गुंडाळत असताना त्याची बायको शेजारी कोळंबी सोलत बसली होती आणि वेढे मोजत होती. हे तो प्रत्येकाला सांगायचा, कॉइलचा विषय निघो वा न निघो. ती जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

त्या शनिवारी त्याने मला सेट तपासायला सांगितला. मी दुपारीच अपडेट केलं होतं. त्याने बटण दाबलं, रेघ उमटली, आणि मी फोनवर सांगितलं की तू साडेतीनशे हर्ट्झ वर आहेस.

"साहेब, परत बघ," तो म्हणाला. मी साहेब नव्हतो कधी, पण चिडवायला तो तसंच म्हणायचा. "मी टाइम सिग्नलवर कानानं मिलवलाय."

"भाऊ, कान म्हातारे होतात," मी म्हणालो. "मशीन होत नाही."

तासाभराने त्याचा फोन आला. कॉइलच्या मधला गाभा फिरवून फ्रिक्वेन्सी खाली आणायला तो गेला, गाभा घट्ट बसला होता, जोर लावल्यावर तो फुटला आणि तारही तुटली. जुनं सामान होतं, असं म्हणून त्याने विषय संपवला.

रविवारी मी रिपोर्ट वाचला. हाताने बांधलेला सेट, साडेतीनशे वर, कानाने जुळवल्याचा परिणाम. कोणीतरी म्हणालं की मासळीबाजारात चालतं तसं, अंदाजाने. हसणं झालं. तो त्याच्या जुन्या रिसीव्हरवर ऐकत असणार हे मला माहीत होतं.

मग एकेक जण बोलायला आला. पहिल्याची रेघ साडेतीनशे वर. दुसऱ्याचीही. अकराही जणांची. अकरा माणसं एवढी सारखी चुकत नाहीत. मी चौकट उघडली. शून्य. दहा लाखांत पन्नासची चूक म्हणजे आमच्या सात मेगाहर्ट्झवर बरोबर साडेतीनशे. पन्नास भरले, सगळ्या रेघा जागच्या जागी आल्या. माईक माझ्या हातात होता. मी पुढचा विषय काढला.

प्रत्येक रिपोर्ट ज्यात उतरतो त्या आमच्या लॉगबुकाचा एक रिवाज आहे. चुकलेली नोंद पुसायची नाही. तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता यावं अशी, आणि शेजारी सही. मी ती रेघ मारली नाही. पुढच्या आठवड्यात सांगू म्हटलं. मग तो आठवडा जुना झाला.

त्याने पुन्हा सेट बांधला नाही. नुसता ऐकायचा. बोटवाले सेट घेऊन आले की दुसरीकडे पाठवायचा. मी विचारलं तर म्हणाला, आता कानांचा भरवसा नाही. मी होकारार्थी मान हलवली. ती मान हलवणं मला अजून पोखरतं.

गेल्या महिन्यात पुन्हा एका अपडेटने माझी चौकट शून्य केली. या वेळी मी सिग्नल लावून पाहिला, चूक लगेच पकडली आणि लॉगमध्ये लिहिली: "अपडेटमुळे दुरुस्ती पुसली गेली." एका ओळीचं काम. तेव्हाही एवढंच लिहायचं होतं. मी लॉगची वही घेतली आणि सारसोळ्याला गेलो.

तो पडवीत बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं, शून्यासकट, अकरा रेघांसकट. त्याची सून चहा ठेवून गेली. त्याने कप उचलला नाही.

"म्हंजे माजा सेट बरोबर व्हता."

"हो."

"आनि तुला रविवारीच कललं."

"हो. दुसऱ्याच दिवशी."

"कॉइल तुटली त्याचं मना काय नाय," तो म्हणाला. "तीन वर्सं मी माजेच कान खोटे समजलो."

मी माफी मागितली. त्याने ती घेतली की नाही, कळलं नाही. त्याने वही मात्र हातात घेतली, तीन वर्षांपूर्वीची ती नोंद वाचली आणि वही माझ्याकडे परत सरकवली.

"हितं नको खोडू. सगल्यांसमोर बोललास ना, सगल्यांसमोर खोड."

रविवारी मी रिपोर्टच्या जागी तेच वाचलं. सेट बरोबर होता, रिसीव्हर चुकला होता, आणि चूक कळूनही मी गप्प बसलो. रेघ मारली, सही केली, हेही माईकवर सांगितलं. मग तेव्हा हसलेल्यांपैकी एकाने माझ्या मित्राची माफी मागितली.

दुपारी मित्राचा फोन आला. घरात नवीन तार आणली होती म्हणाला. मोजायला माणूस हवा होता.

मी गेलो. तो तार ताणून धरत होता, नळीवर वेढ्याला वेढा बसवत होता, आणि मी त्याच्या बायकोच्या जागेवर बसून मोजत होतो. एकतीस का बत्तीस, तिथे माझा गोंधळ झाला.

"भाऊ, चुकलो," मी म्हणालो.

त्याने सगळी तार सोडली, सरळ केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा एकपासून सुरुवात केली.