एकोणचाळीस पॉइंट चार

आई विदर्भातल्या आमच्या गावात अंगणवाडी सेविका होती. लेकरांना काट्याला लटकवायचं, वजन वाचायचं, किलो-ग्रॅम तक्त्यावर मांडायचे, हे तिनं निवृत्त होईपर्यंत केलं. मला ते माहीत होतं. तरीही त्या दिवशी मी बोलायचं ते बोललोच.

बायको आठवडाभर पुण्याला ट्रेनिंगला गेली होती, म्हणून आई दिल्लीत, द्वारकेला आमच्याकडे राहायला आली होती. पाच वर्षांची मुलगी शाळेतून आली तीच अंग तापवून. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. आईचा फोन आला.

"बाबू, हिला ताप आहे. एकोणचाळीस पॉइंट चार."

मी इंजिनियर. दिवसभर मीटर-मिलिमीटरमध्ये काम करतो. देशानं मैल सोडले, शेर सोडले. ताप तेवढा घरोघरी फॅरनहाइटमध्येच राहिला, माझ्या डोक्यातही. ताप म्हणजे शंभर, एकशे दोन.

"एकोणचाळीस कसा असेल, आई? नव्व्याण्णव असेल. चष्मा लाव."

"लावलाय रे. पहिला आकडा तीनच आहे. शेवटी सी पण लिहिलंय."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हसून म्हणालो, "माँ कह रही हैं, बुखार उनतालीस है!" टेबलाभोवती हशा पिकला. फोन चालूच होता.

"बरं," आई म्हणाली आणि तिनं तो ठेवला.

संध्याकाळी घरी आलो तर मुलगी झोपलेली, कपाळावर ओली पट्टी. शेजारी दवाखान्याची चिठ्ठी, तिच्यावर डॉक्टरांनी लिहिलेलं: ताप १०३. मी थर्मामीटर उचलला. सेल बदलताना माझ्याच हातून बटण दाबलं जाऊन तो सेल्सिअसवर गेला असणार. आकड्यापुढे बारीकसा सी होता.

अडखळत हिंदी बोलणारी माझी आई तापलेल्या नातीला कडेवर घेऊन, रस्ता विचारत विचारत एकटी गेली होती.

मुलगी जागी झाली. "पप्पा, डॉक्टर अंकलनी विचारलं, घर में और कोई नहीं? तर आजी बोलली, मेरा बेटा बहुत बड़ा काम करता है."

आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. 'चुकलं माझं' म्हणायला गेलो आणि तोंडातून निघालं, "मला परत फोन करायचा ना."

"तू कामात होतास," ती म्हणाली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

माफी मी तीन दिवसांनी मागितली, ताप उतरल्यावर. "जाऊ दे रे, त्यात काय," म्हणत तिनं नातीची वेणी घालायला घेतली.

आता ती गावी असते. रोज सकाळी स्वतःचं बीपी मोजते. आकडा मात्र फोनवर कधी सांगत नाही. मशीनचा फोटो पाठवते आणि खाली लिहिते, "तूच बघून घे."