गळतगेकरांची पाठमोरी आकृती

त्रिविक्रम गळतगेकर यांचा सारा सौंदर्यविचार एका वाक्यात मावत असे: निसर्गचित्रात माणूस असावा, पण त्याने आपल्याकडे पाहू नये. माणूस नसलेले तळे म्हणजे नुसता पाण्याचा साठा. आणि माणसाचा चेहरा दिसू लागला की निसर्गचित्र संपले, ओळखपत्रावरचा फोटो सुरू झाला. हा सिद्धांत त्यांनी कोठे वाचला होता, की यशवंतपूरच्या घरातील न्हाणीघरात तांबड्या दिव्याखाली ब्रोमाइडचा कागद हलवताना तो त्यांना स्फुरला, हे निश्चित सांगता येत नाही. ते हा सिद्धांत कोणालाही, कोणत्याही प्रसंगी, न विचारता सांगत असत, इतके मात्र निश्चित.

गळतगेकर निपाणीकडचे. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात ते आरेखन विभागात होते. आठवड्याचे सहा दिवस यंत्राच्या सुट्या भागांच्या आकृत्या काढायच्या आणि सातव्या दिवशी निसर्गाला न्याय द्यायचा, अशी त्यांच्या आयुष्याची वाटणी होती. न्यायदानासाठी एक संस्थाही होती. तिचे नाव रविवार छायाचित्र मंडळ. कारखान्यांतून आणि प्रयोगशाळांतून नोकरीला असलेले सातआठ मराठी गृहस्थ तिचे सभासद होते. अध्यक्ष विश्वेश्वर राशिनकर हे अविवाहित, शिडशिडीत आणि मितभाषी. दर सोमवारी संध्याकाळी ते आपल्या ओसरीत उभे राहून आठवड्याचा विषय एका शब्दात जाहीर करीत: ‘प्रतीक्षा’, ‘श्रम’, ‘अनंत’. विषय नेहमी भाववाचक असे. त्या काळात बंगळुरात रॉकेलच्या रांगा होत्या, यशवंतपूरच्या जंक्शनात मालगाड्या रात्रंदिवस आदळत होत्या, नव्या वसाहतींचे खांब उभे राहत होते. परंतु यांपैकी कशालाही मंडळाच्या विषयपत्रिकेत प्रवेश मिळाला नाही. विषय जाहीर झाला की पुढच्या रविवारी मंडळ बसने, आणि बस थांबेल तेथून पायी, बेळ्ळंदूरच्या तळ्यावर जाई. त्यानंतरच्या शनिवारी राशिनकरांच्या ओसरीच्या भिंतीवर चित्रे टाचली जात आणि गुण दिले जात.

गुण बहुधा गळतगेकरांना मिळत, कारण त्यांच्याकडे आकृती होती. इतरांना रस्त्याने जाणाऱ्या बायकांची विनवणी करावी लागे. गळतगेकरांना मुलगी होती.

नयना बारा वर्षांची असल्यापासून मंडळाच्या सहलींना येत असे. बंगळुरात जन्मलेली, कानडी शाळेत शिकलेली ती मुलगी रविवारी पहाटे आईचे जुने इरकली लुगडे नेसून, पितळी घागर कमरेवर घेऊन तळ्याकडे चालू लागे. जाताना चष्मा वडिलांच्या खिशात ठेवावा लागे, कारण चष्म्याची दांडी कानामागून चमकते आणि ग्रामीण वातावरणाला तडा जातो. परिणामी, ज्या तळ्याचे सौंदर्य तिने इतकी वर्षे वाढवले ते तिला स्वतःला नीटसे कधी दिसले नाही. ‘प्रतीक्षा’ असेल तर ती उभी राही, ‘श्रम’ असेल तर वाके, ‘अनंत’ असेल तर थोडी लांब जाऊन उभी राही. ‘एकांत’ हा विषय होता त्या रविवारी ती काठावर एकटी बसली होती आणि तिच्या मागे सबंध मंडळ कॅमेऱ्यांच्या तिपायांत तिपाया अडकवून दाटीवाटीने उभे होते.

“बिदरकर, मागे सरा! तुमची सावली माझ्या एकांतात येते आहे,” गळतगेकर ओरडले.

त्याच वेळी गावातली गंगव्वा भरलेली घागर घेऊन बाजूने चालली होती. ती थबकली आणि नयनाला कानडीत म्हणाली, “अक्का, तुमच्या घरी नळ नाही का ग? दर वेळी इतक्या लांबून पाण्याला येतेस आणि रिकामीच परत जातेस.”

नयनाला हसू आवरले नाही. तिचे खांदे हलले.

“हलू नकोस!” मागून आवाज आला. “एकांत हसत नसतो!”

या साधनेतून ‘पाणवठा’ हे चित्र निर्माण झाले. कलकत्त्यापासून कोइमतूरपर्यंतच्या प्रदर्शनांतून ते फिरून आले. प्रत्येक प्रदर्शनाची चिठ्ठी मागच्या पुठ्ठ्यावर चिकटत गेली. घरात या आकृतीच्या पाठीची चित्रे भिंतभर होती. चेहऱ्याचे एकच होते, विद्यापीठाच्या परीक्षेच्या प्रवेशपत्रावरचे, आणि त्यावरचा गोल शिक्का नेमका नाकावर बसला होता.

नयना वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, त्या वर्षी तिच्या आईचे, प्रतिमाबाईंचे, धाकटे भाऊ आप्पाजी धारवाडहून स्थळ घेऊन आले. गळतगेकर त्या वेळी पिवळा फिल्टर मलमलीने पुसत होते.

“अहो, ते स्वल्प, जरा बाजूला ठेवा,” प्रतिमाबाई म्हणाल्या. “आप्पा काय सांगतो ते ऐका.”

“दाजी, मुलगा शेतकी महाविद्यालयात शिकवतो. पद्माकर कित्तूरकर. थोरली सून लग्नानंतर बी.ए. झाली त्या घरात, म्हणजे बघा! नयनाच्या एम.एस्सी.ला ना म्हणणार नाहीत. फक्त मुलाचे वडील, गुंडोपंत, वकील माणूस. फोटो बघितल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत.”

यापूर्वीची दोन स्थळे ‘आता शिक्षण पुरे’ या एका अटीवर नयनाने स्वतः मोडली होती. या वेळी तिने मामांच्या चहात साखर दुप्पट घातली. मामांना ते समजले. गळतगेकरांना त्यातला फक्त ‘फोटो’ हा शब्द ऐकू आला होता.

“फोटो ना?” ते म्हणाले. “मग तुम्ही योग्य घरी आलात.”

आठवड्याचा विषय ‘आशा’ होता आणि फिल्मचा तुटवडा होता. तेव्हा दोन्ही कामे एकाच रोलमध्ये उरकावीत असे ठरले. रविवारी नयना साधी वॉयलची साडी नेसून, चष्मा लावून, तळ्याकडे पाठ करून उभी राहिली. मंडळाच्या इतिहासात हे प्रथमच घडत होते. सभासद अस्वस्थ झाले. गळतगेकरांनी भिंगातून पाहिले, डोके वर केले, पुन्हा पाहिले.

“चष्मा काढ. हां. हनुवटी जरा पाण्याकडे.”

“बाबा, पाण्याला मला बघायचं नाहीये. गुंडोपंतांना बघायचंय.”

“पण तू सरळ कॅमेऱ्याकडे पाहतेस. त्यात एक प्रकारची याचना दिसते.”

“आहेच ती याचना! मला शिकायचंय.”

“त्रिविक्रमराव,” राशिनकर हळूच म्हणाले, “कान फार पुढे येतो आहे. किंचित वळवा.”

किंचित वळवले. मग नाकाचे टोक गालाच्या रेषेबाहेर जाऊ लागले, म्हणून आणखी किंचित. मग बिदरकरांच्या मते मानेवरचा उजेड वाया जात होता. प्रत्येक सूचना स्वतंत्रपणे पाहता रास्त होती. सर्वांचे समाधान झाले तेव्हा नयना तळ्याकडे तोंड करून उभी होती, आणि कोणी तरी तिच्या कमरेवर घागर आणून ठेवली होती.

चेहऱ्याची दोन चित्रे निघालीच होती. न्हाणीघरात ती धुऊन पाहिल्यावर गळतगेकरांना ती रचनाशून्य वाटली. कन्येच्या आयुष्याचा प्रश्न असताना दुय्यम दर्जाची कृती पाठवणे त्यांच्या सचोटीला मानवेना. त्यांनी ती फाडली, भिंतीवरचा ‘पाणवठा’ उतरवला, पुठ्ठ्यासह बांधला आणि धारवाडला रवाना केला. घरात सांगितले, “फोटो पाठवला.” ते असत्य नव्हते.

पंधरवड्याने आप्पाजी तोच गठ्ठा काखेत मारून दारात उभे राहिले.

“अक्का, आधी पाणी दे. दाजी, हे काय पाठवलंत?”

“पाणवठा.”

“अहो, गुंडोपंतांनी मला समोर बसवून उलटतपासणी घेतली! म्हणाले, मुलीच्या चेहऱ्याला काय झालंय ते आधी सांगा. देवी आल्या होत्या का? तिरळी आहे का? मी म्हटलं, तसं काही नाही हो. तर म्हणाले, मग बाप चेहरा लपवतो कशाला? आणि मागे हे काय चिकटवलंय? वाचा, वाचा.”

गळतगेकरांनी पुठ्ठा उलटा केला. कलकत्त्याच्या चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात लिहिले होते: विक्रीसाठी: नाही.

“हे आम्हाला उद्देशून आहे का, असं विचारतात ते!”

प्रतिमाबाईंनी पदराने तोंड झाकले. त्या रडत होत्या की काय, हे गळतगेकरांना त्या कोनातून दिसले नाही. ते म्हणाले, “गुंडोपंतांना दृष्टी नाही.”

“दृष्टी आहे हो त्यांना,” आप्पाजी म्हणाले. “तुम्ही बघायला काही ठेवलं नाहीत. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालेत. नंतर बेळगावची मुलगी बघणार.”

नयना आतून आली. ती साडी बदलून आली होती. “आई, चल. चिक्कपेठेत जाऊ.”

“स्टुडिओत?” गळतगेकर उठून उभे राहिले. एखाद्या वैद्याची मुलगी भोंदूकडे निघावी तसा त्यांचा चेहरा झाला. “तिथे मागे रंगवलेला पडदा असतो!”

“असू दे. मी पुढे असते.”

चिक्कपेठेतल्या स्टुडिओवाल्याने तिला खुर्चीत बसवले, मागे चंद्र, तळे आणि दोन हंस असलेला पडदा सोडला आणि रिवाजाप्रमाणे चष्मा काढायला सांगितले. “राहू द्या,” ती म्हणाली. “लग्नानंतरही लागणारच आहे.” त्याने कानडीत ‘सरी’, म्हणजे बरे, म्हणून मान हलवली आणि बटण दाबले.

फोटो घरी आला तेव्हा गळतगेकरांनी तो हाताच्या अंतरावर धरून पाहिला. “दोन्ही गालांवर सारखाच उजेड. चंद्र एकीकडे, प्रकाश दुसरीकडे. छटा म्हणून नाहीत.”

“पण ही मी आहे ना, बाबा?”

“आहेस की. पण तो काही चित्राचा गुण नव्हे.”

तो छटाहीन फोटो पाहून पद्माकर बंगळूरला आला, तासभर नयनाशी शेवाळाच्या जातींविषयी बोलला आणि वैशाखात लग्न झाले. लग्नात गळतगेकरांनी अंतरपाटाचा पोत फार सुंदर टिपला.

त्यानंतर मात्र कलेसमोर संकट उभे राहिले. राशिनकरांनी ‘ग्रामलक्ष्मी’ हा विषय दिला आणि आकृती धारवाडला गेलेली. गळतगेकरांनी प्रतिमाबाईंना विचारून पाहिले. “मला तुमच्या तळ्याचा वीट आलाय,” त्या म्हणाल्या, आणि लुगडे व घागर दोन्ही त्यांच्या पुढ्यात आणून ठेवले. रविवारी बेळ्ळंदूरच्या काठी बराच खल झाला. सभासदांपैकी बहुतेक पोट सुटलेले होते. अखेरीस सर्वांची नजर शिडशिडीत अध्यक्षांवर स्थिरावली. राशिनकर करवंदीच्या झुडपांमागे गेले आणि लुगडे नेसून, डोक्यावर पदर घेऊन, घागर कमरेवर ठेवून तळ्याकडे चालू लागले. ढग उत्तम होते. गळतगेकरांनी बटण दाबले.

‘पाणवठा: दोन’ या चित्राला त्या वर्षी एका अखिल भारतीय प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. ‘भारतीय स्त्रीच्या चालीतील उपजत लय’ असा परीक्षकांचा अभिप्राय होता.  पुढे काही आठवडे मंडळाच्या सभेत राशिनकर किंचित पाठमोरे बसत असत.

दिवाळसणाला गळतगेकरांनी त्या चित्राची मोठी प्रत सोनेरी चौकटीत बसवून धारवाडला नेली. नयनाने चष्मा सावरून ती नीट पाहिली.

“बाबा, ही मी नाही.”

“रचनेला त्याने बाध येत नाही,” गळतगेकर म्हणाले.

गुंडोपंतांनी आधी पदकाची बातमी ऐकली आणि मग चित्र पाहिले, त्यामुळे त्यांना ते फार आवडले. त्यांनी ते दिवाणखान्यात, पक्षकार बसत त्या खुर्च्यांसमोर, लावले. स्टुडिओतला फोटो पत्रिकेबरोबर कपाटात गेला.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी नयना प्रयोगशाळेतून परतली, तेव्हा सासऱ्यांकडे एक निवृत्त न्यायाधीश चहाला आले होते.

“ही आमची सून,” गुंडोपंत म्हणाले; पण त्यांचे बोट भिंतीकडे होते. “सुवर्णपदक आहे तिला.”

न्यायाधीशांनी चित्र पाहिले, मग दारात उभ्या नयनाकडे पाहिले, मग पुन्हा चित्राकडे. “वा! पाठीवरूनसुद्धा लगेच ओळखू येतं हो.”

“ते विश्वेश्वरकाका आहेत,” नयना म्हणाली. “बाबांच्या मंडळाचे अध्यक्ष.”

दोघेही मनमुराद हसले. हसू ओसरल्यावर गुंडोपंतांनी डोळे पुसत पाहुण्यांना समजावून सांगितले की सुनेचा स्वभावच असा आहे. स्वतःची स्तुती तिला मुळीच सहन होत नाही.