देवापुढची साखर

बायांनो, मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि शेजारची सुमन लिहिते, तेव्हा चुका तिच्या आणि शहाणपण माझं.

आमच्या इंदिरानगरच्या घरात चार वर्षांची नात आहे, ओवी. पोट दुखतं, झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी तिची साखर बंद केलीय. मी सगळं पाळलं, फक्त देवापुढची वाटी सोडून. नैवेद्याची चिमूटभर साखर रोज दुपारी तिच्या हातावर ठेवायचे. म्हटलं, प्रसाद कुठे कुणाला बाधतो?

आज सूनबाई लवकर घरी आली आणि तिने पोरीचे चिकट ओठ बघितले. ओरडली असती तर मीही दोन शब्द ऐकवले असते. पण ती हळूच म्हणाली, "आई, रात्री दोन-दोन तास रडते हो ती. तुम्ही कानातलं मशीन काढून झोपता, तुम्हाला कसं कळणार?"

मी उठून देवापाशी गेले. वाटीतली साखर काढली आणि तुळशीचं पान ठेवलं.

संध्याकाळी ओवी आली, वाटीत डोकावली. "आजी, देवाची पण साखर बंद?"

"हो गं, त्याचंही पोट दुखत होतं. ये, बस, गोष्ट सांगते."

"नको," म्हणाली आणि गेली.

इतके दिवस मला वाटायचं, पोरगी आजीच्या ओढीने येते. साखर काही मी आता देणार नाही, लेकराला झोप लागू दे. पण तुमची नातवंडं रिकाम्या हाताच्या आजीपाशी बसतात का? बसत असतील तर कशी, तेवढं लिहा. सुमन वाचून दाखवेल.