काकांनी पेला खाली ठेवला

जॉर्डनमधल्या करक शहराजवळच्या एका गावातल्या निम्म्या बायकांना गाडी शिकवली ती मैसूननं. सत्तावीस वर्षांची पोरगी, पण शिकणारीनं आरशात लिपस्टिक बघितली, की शेजारून असा ब्रेक दाबायची, की पुन्हा हिंमत होऊ नये. रस्त्यांबद्दल नगरपालिकेत सांगून सांगून तोंड दुखलं, तेव्हा तिनं सरळ निवडणुकीचाच अर्ज भरला.

घराण्यात एकच खळबळ! उमेदवार ठरायचा तो बैठकीत, पुरुषांनी ठरवलेला. आणि तो मान सालाबादप्रमाणे तिच्या मुतलककाकांचा; दर खेपेला तेच निवडून यायचे.

संध्याकाळी काका घरी आले. मैसूनच्या वडिलांनी वेलदोड्याची कॉफी पुढे केली. काकांनी पेला घेतला आणि न पिताच खाली ठेवला.

आता आली पंचाईत. तिकडची रीतच अशी : पेला असा ठेवला, की मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा पीत नाही, आणि तो तसाच उठून गेला तर यजमानाची गावभर नाचक्की.

"अर्ज मागे घे, पोरी," काका म्हणाले. "घराण्याची मतं फुटतील."

वडील छताकडे बघू लागले. मैसूननं स्वतःसाठी कॉफी ओतली आणि तोही पेला खाली ठेवला.

"माझंही एक मागणं आहे."

"अगं, तू घरची! हे पाहुण्यानं करायचं असतं."

"मग चला तुमच्या घरी. तिथं मी पाहुणी. गाडी दारातच आहे."

काकांना हसू आवरेना. "बरं, बोल."

"दोघंही उभे राहू. तुम्ही जिंकलात तर मेजवानीचं मटण मी रांधीन."

"तुझ्या हातचं? म्हणजे जिंकून शिक्षा मलाच!" असं म्हणत काकांनी कॉफी घशाखाली उतरवली.

मैसून जिंकली. काकूंनी मत कुणाला दिलं, हे काकांनी विचारलं नाही. पण बरेच दिवस ते रुसून होते.

पुढच्या हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या पावसाच्या दिवसांत, कॉलेजातल्या युमना नावाच्या मुलीनं उघड्या बसथांब्यावर भिजत व्हिडिओ काढला : "मैसूनताईंना खुर्ची मिळाली, आम्हाला छप्पर कधी?" गावभर फिरला तो. मैसूननं चिडून फोन लावला.

"अगं, पैसे मंजूर व्हायचेत अजून!"

"मुतलककाकाही हेच म्हणायचे, ताई."

मैसूनचा पारा उतरला. मग म्हणाली, "उद्या सभेला ये. हेच तिथं बोल, आणि जरा मोठ्यानं."

युमना आली, मैत्रिणींचा घोळका घेऊनच. सभासदांना शेजारच्या खोलीतून खुर्च्या आणाव्या लागल्या.