पाचव्या टी-शर्टची जागा

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. आईला नाही, बायकोला नाही. माझा थोरला भाऊ विहिरीत गेला त्या दिवशी त्याच्या अंगावरचा टी-शर्ट मी काढून घेतला आणि त्याला माझा पांढरा सदरा घातला. लोकांना वाटलं, धाकट्यानं मायेनं अंगावरचा सदरा दिला. "भाऊ असावा तर असा," असं माझ्यासमोर म्हणाले. मी ऐकून घेतलं.

आमचं गाव बेंबळीच्या पलीकडं. साल ऐंशीच्या दशकातलं, दुष्काळाचं. गावात दूध संस्था होती आणि मी तिचा सेक्रेटरी. जनावरांचा चारा, पेंड सगळं संस्थेतून यायचं. कुणाच्या दावणीला किती टाकायचं ते चेअरमन ठरवायचा. त्यामुळं चेअरमन बोलला की गाव मान हलवायचं, आणि त्यात सगळ्यात जोरात हलायची ती माझी मान.

दादा कबड्डी खेळायचा. चढाईला गेला की समोरचे आधीच मागं सरायचे. संस्थेनं टीम धरली होती, दर वर्षी नवा टी-शर्ट मिळायचा. छातीवर संस्थेचं नाव, पाठीवर आकडा. दादाचा सात. पाच वर्षांत पाच झाले, पाचवा हिरवा. वहिनी ते कधी मोरीत टाकायची नाही, वेगळ्या बादलीत धुवायची. आई चिडवायची, "नवऱ्यापरीस बनियनला जपतीय." तिच्या लेखी टी-शर्ट म्हणजे बनियनच.

त्या उन्हाळ्यात चेअरमनच्या रानातली विहीर खोल करायचं चाललं होतं. कागदावर ती गावाची होती आणि काम श्रमदानाचं होतं. धाराशिवहून साहेब बघायला येणार, फोटो निघणार, असं ठरलं. दोनच दिवसांपूर्वी सुरुंग उडवले होते. सुरुंग लावणारा म्हातारा मला म्हणाला होता, "सेक्रेटरी, मुरूम सुटलाय एका अंगाला. चार दिस कुणाला उतरू देऊ नका." हे मी चेअरमनला सांगितलं. तो हसला. "पोरं टी-शर्ट घालून आणा. नाव दिसलं पायजे फोटोत. आन् एक-दोघं खाली पायजेत. नुसत्या खड्ड्याचा फोटो काढायला साहेबाला बोलावलंय का?"

टीमची सात पोरं काठावर उभी राहिली. कुणी उतरेना. मी दादाला बाजूला घेतलं.

"उतर रे दादा. पाच मिनिटांचं काम. तू उतरला की बाकीचे येतेत मागं."

"म्हातारा नको म्हणतोय ना?"

"म्हाताऱ्याचं काय ऐकतो. मला रोज तोंड दाखवायचंय चेअरमनला. पेंड बंद झाली तर काय घालणार दावणीला?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग हसला. "तू म्हणतोस म्हणून चाललो. पर चहा तुझ्याकडं."

तो खाली टेकला, पाटी उचलली आणि एका अंगाचा मुरूम त्याच्यावर आला. त्याच्यामागं उतरणारा टीमचा गडी अजून दोरावरच होता, तो वाचला.

त्याला वर काढायला लागलेला वेळ मी इथं लिहिणार नाही. साहेबाची जीप फाट्यावरूनच परत फिरली, हे मात्र लिहितो. कुणीतरी पुढं जाऊन सांगितलं होतं. माणूस गेलाय म्हटल्यावर साहेबानं यायला पाहिजे होतं. तो फोटो काढायला येणार होता, प्रेत बघायला नाही.

चेअरमननं मला बाभळीमागं नेलं. "टी-शर्ट काढ त्याच्या अंगातला. पोलीस यायच्या आत. संस्थेचं नाव आलं तर उद्या चारा बंद. गावची जनावरं मारायचीत का तुला?" माझा भाऊ अजून कोमट होता. मी काढला टी-शर्ट. त्याचे हात वर करावे लागले, लहान पोराचे करतात तसे. माझा सदरा घातला, गुंड्या लावल्या. मागं वळून बघतो तर टीमच्या सहाही जणांनी आपापले टी-शर्ट काढून काखेत धरलेले. पोलिसापुढं मी जबाब दिला: भाऊ पडलेली बादली काढायला स्वतःहून उतरला. खाली सही केली. माझं अक्षर चांगलं होतं.

आमच्याकडं गेलेल्याचे कपडे घरात ठेवत नाहीत. कुणाला देतात, नाहीतर नदीत सोडतात. दहाव्याला मी बोचकं घेऊन गेलो. नदीत पाणी कुठलं, नुसती वाळू. हातानं खड्डा करून पुरून आलो आणि घरी सांगितलं, सोडले. ते बोचकं हलकं होतं. चार टी-शर्ट वहिनीनं आधीच काढून ठेवले होते.

महिन्याभरानं एका दुपारी ती लिंबाखाली वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला घेऊन बसली. खाली जुनं लुगडं अंथरलेलं, वर ते चार टी-शर्ट फाडून मांडलेले. असलं ताणणारं कापड वाकळंला कुणी घेत नाही, धावदोऱ्यात गोळा होतं. ती एका हातानं ओढून धरत होती, दुसऱ्या हातानं टाके घालत होती. संस्थेच्या नावाची बाजू तिनं आत घातली होती. वर फक्त सात, सात, सात, सात.

आई उंबऱ्यातून कडाडली. "मेल्या माणसाचं लेकराच्या अंगावर घालतीस व्हय गं? जीव घुटमळतो त्येचा."

"घुटमळू द्या की आत्याबाई. जाईल कुठं त्यो? नदीला तर पाणी बी न्हाय."

मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "भावजी, हिरवा कुठाय?"

"ढिगाऱ्यात गेला असंल."

"अंगातला?"

मी पायातली चप्पल शोधायला लागलो.

"सकाळी हिरवा घालून गेलते. म्या बघितलंय. दवाखान्यातून बोचक्यात आला त्यो तुमचा सदरा." तिनं दातानं दोरा तोडला. "बरं."

दुसऱ्या दिवशी बघितलं तर चार रंगांच्या मधोमध पांढरा चौकोन. माझा सदरा, खिशासकट. खिशाखाली माझ्या पेनाच्या शाईचा डाग. धुऊनही गेला नव्हता. वहिनी म्हणाली, "तात्पुरती जागा धरलीय. हिरवा आला की हे उसवायचं."

वाकळ पुरी झाली की शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा ठेवून शिवतात आमच्या बायका. वाकळ जेवलेली असावी म्हणून. वहिनीनं तो कोपरा उघडा ठेवला. शेजारणी म्हणाल्या, अगं उपाशी ठेवतीस का? ती म्हणाली, "जेवंल. सगळे आले की जेवंल."

मला तिचा राग आला. खरं सांगतो, लई राग आला. भांडली असती, छाती बडवली असती, चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर मीही काहीतरी बोललो असतो. ती मला चहा द्यायची. पुतणी त्या वाकळंखाली झोपायची आणि माझ्या खिशात बोट घालून खेळायची. मला ते बघवेना. पुढं चेअरमननं त्याच्या ओळखीनं धाराशिवला नोकरी लावून दिली. का लावली ते त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. मी घेतली. गाव सुटलं म्हणून हायसं वाटलं. असला माणूस आहे मी.

चेअरमन मेला. संस्थेच्या ऑफिसात त्याच्या फोटोला हार आहे. इतकी वर्षं मी त्याचा राग धरून बसलो, एकांतात त्याला शिव्या घातल्या. तो राग सोयीचा होता. दादाला चेअरमननं सांगितलं नव्हतं उतरायला. चेअरमननं सांगितलं असतं तर दादा त्याला हसून घरी आला असता.

मागल्या महिन्यात वहिनीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन धाराशिवला झालं. मी तिला आमच्या घरी आणलं. पट्टी निघाली त्या दिवशी तिनं बायकोकडून सुई मागून घेतली, उजेडाकडं धरली आणि पहिल्या झटक्यात दोरा ओवला.

"आता दिसतंय भावजी. लेकीच्या लेकीला वाकळ द्यायचीय. तेवढी पुरी करते."

एवढं बोलून ती माझ्याकडं बघत राहिली. नव्या डोळ्यांनी. मी चहा संपवला आणि काहीतरी कामाचं निमित्त करून बाहेर पडलो. साठी उलटलेला माणूस, गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहिलो.

टी-शर्ट माझ्या लोखंडी पेटीत आहे. धुतलेला नाही. हिरवा रंग विटलाय, शिवणीत अजून मुरमाची माती आहे. जाळायचं धाडस झालं नाही, द्यायचंही झालं नाही.

वहिनीचं मी देणं लागतो: हा टी-शर्ट, आणि तिच्यासमोर बसून एक वाक्य, की दादा स्वतःहून उतरला नाही, मी उतरवला.